सव्विसाव्या वर्षी आवाज फुटला

कारखान्याच्या वजनकाट्यावर मला नोकरी लागली तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. हंगामात उसाच्या बैलगाड्यांची लांब रांग लागायची आणि काट्यावरच्या कारकुनानं खिडकीतून गाडीवानाचं नाव पुकारायचं, अशी पद्धत. पहिल्याच दिवशी मी नाव पुकारलं आणि रांगेतून कुणीतरी ओरडलं, "आयला, काट्यावर बाई बसवली काय रं?"

सगळी रांग हसली. मीही हसलो. हसण्यावारी न्यायला मी तोवर शिकलो होतो.

माझा आवाज बारा वर्षांच्या पोराचा होता. गालावर लव नव्हती. उंची मात्र ताडमाड आणि हात इतके लांब की सदऱ्याच्या बाह्या कायम तोकड्या पडायच्या. शरीराच्या ज्या भागाबद्दल कुणी उघड बोलत नाही, तिथंही मी लहान मुलगाच राहिलो होतो. हे एक वाक्य लिहायला मला निम्मं आयुष्य लागलं. तुमच्यापैकी कुणाचं असंच असेल आणि तो ते बनियनखाली, टॉवेलखाली, विनोदाखाली झाकत असेल, तर त्याच्यासाठी हे लिहितो आहे. गोष्ट सत्तरच्या दशकातली, कोल्हापूरला लागून असलेल्या कसबा बावड्यातली. औषधं आता सोपी झाली असतील. कोंडमारा तसाच असणार.

*

आमचं घर शेतकऱ्याचं. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. दादा थोरला, त्याचं लग्न झालेलं, आणि मी धाकटा. सोळाव्या-सतराव्या वर्षी माझ्या बरोबरीच्या पोरांना मिसरूड फुटलं, आवाज घोगरे झाले. आई म्हणायची, "काही काही पोरं उशिरा वाढतात." मी वाट बघितली. अठरावं गेलं, विसावं गेलं. मी वाट बघतच राहिलो आणि मग वाट बघतोय हे लपवायला लागलो.

नदीवर पोहायला जाणं बंद केलं. कुणाच्या लग्नाला मुक्कामाला जाणं बंद केलं, कारण सकाळी सगळे पुरुष विहिरीवर उघड्यानं आंघोळ करत. दाढी मात्र करायला जायचो. वस्तरा फिरवला की केस येतात, असं कुणीतरी सांगितलं होतं. आमच्या गल्लीतला न्हावी माझ्या कोऱ्या गालावर नीट फेस करायचा, नीट वस्तरा ओढायचा आणि शेजारच्या खुर्चीवरचा कुणी दात काढायला लागला की त्याचंच डोकं दाबून खाली वाकवायचा. माझ्याशी तो याबद्दल एक अक्षर कधी बोलला नाही. त्याचे उपकार मी विसरलेलो नाही.

सगळ्यात वाईट काय होतं सांगू? सोबतीची पोरं बायकांबद्दल बोलायची, रात्री झोप येत नाही म्हणायची, आणि मला त्यातलं काही कळायचंच नाही. मी माना डोलवायचो. दुसऱ्या मुलखातली भाषा न समजता हसत बसावं तसा मी त्यांच्यात बसायचो.

*

स्टँडजवळ एका माडीवर गुप्तरोगांवर इलाज करणारे एक गृहस्थ बसत. मी टोपी डोळ्यांवर ओढून तिथं गेलो. त्यांनी मला तपासलं नाही. नाडी धरली आणि मोठ्यानं म्हणाले, "लहानपणीच्या चुका हायत ह्या. हातानं नास करून घेतलास."

मी म्हणालो, "तसलं काही मी कधी केलेलं नाही."

"समदी असंच म्हनत्यात," ते म्हणाले.

जे माझ्याजवळ कधी आलंच नव्हतं, ते मी उधळलं म्हणून मला दोष लागला. वर त्यांनी एक भस्म दिलं. ते मी मधातून घेत राहिलो आणि पोटात आग पडायला लागली. घरी कुणाला सांगायची सोय नव्हती. तोंड धुण्याच्या निमित्तानं परसात जाऊन ओकायचो.

त्याच दिवसांत आबांनी माझं लग्न ठरवलं.

पन्हाळ्याच्या पायथ्याचं गाव, चांगलं घर, मुलीचं नाव कमल. मी तिला एकदाच पाहिलं. पोह्यांची बशी देताना तिनं मान वर केली नाही, आणि मला तिच्यापेक्षा जास्त भीती वाटत होती. सुपारी फुटली. परत येताना एस.टी.त मी धीर करून आबांना म्हणालो, "आबा, माझी तब्येत बरी न्हाय. थोडं थांबू या."

आबांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना सगळं दिसत होतं. बापाला दिसत नाही असं होत नाही. खिडकीकडं तोंड फिरवून ते म्हणाले, "लगीन झालं की आपसूक हुतंय सगळं. मर्दाला बायकू आली की मर्द हुतोय."

त्या दिवसापासून मला कुणी दार लावून कोंडल्यासारखं वाटायला लागलं. लग्न करावं तर एका परक्या पोरीचं आयुष्य माझ्याबरोबर बुडणार. न करावं तर कारण सांगावं लागणार. दोन्हीकडं भिंत.

*

पोटातली आग थांबेना म्हणून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं गेलो. ते पोट तपासायला लागले, आणि मी पायजम्याची नाडी घट्ट धरून ठेवली होती ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी उठून पडदा ओढला, कंपाउंडरला बाहेर पाठवलं आणि शांतपणे म्हणाले, "आता दाखवा."

तपासून झाल्यावर त्यांनी हात धुतले. बराच वेळ धूत होते.

"लग्न ठरलंय म्हणालात?"

"व्हय."

"पुढं ढकला. तुम्ही मिरजेला जा. तिथं दाखवा. आणि हे बघा, यात तुमची काही चूक नाही."

एवढंच बोलले. पण ती "चूक नाही" ऐकून मला त्यांच्यासमोर रडू आलं. तेही बारीक आवाजात, त्यामुळं आणखीच लाज वाटली.

*

वहिनीचं माहेर मिरजेचं. पोटाच्या तपासण्या आहेत असं घरी सांगून मी दवाखान्यात भरती झालो, आणि डबा आणून द्यायला वहिनी माहेरी येऊन राहिली. वहिनी माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, बोलायला फटकळ.

वॉर्डातला दिवस पहाटे थर्मामीटरनं सुरू व्हायचा. मग चहा, मग रक्त, मग डॉक्टरांची फेरी, मग दुपारभर छताकडं बघणं. शेजारच्या खाटेवर हर्नियाचे एक आजोबा होते. ते सारखं विचारायचे, "पावणं, तुमचं काय?" मी पोट म्हणायचो. "पोटाला एवढं रक्त का काढत्यात?" मी चादर डोक्यावर ओढून घ्यायचो.

एके सकाळी मोठे डॉक्टर शिकाऊ डॉक्टरांचा घोळका घेऊन आले. माझी चादर बाजूला झाली. फुटपट्टी आली. हातांची लांबी मोजली, पायांची मोजली, मग बाकीचं. ते इंग्रजीत बोलत होते आणि मी भिंतीवरचा एक पोपडा बघत होतो. मोठे डॉक्टर पुढच्या खाटेकडं वळले तरी दोघं-तिघं माझ्यापाशी रेंगाळले. तेव्हा एक केरळची सिस्टर आली, तिनं चादर माझ्या गळ्यापर्यंत ओढली आणि मोडक्या मराठीत त्यांना म्हणाली, "झाला ना बघून? तो माणूस आहे." मला माणूस म्हटलेलं किती दिवसांनी ऐकलं होतं!

मनगटाचा एक्स-रे काढला होता. दुपारी मोठ्या डॉक्टरांनी मला एकट्याला खोलीत बोलावून तो उजेडात धरला. "ही हाडं पंधरा वर्षांच्या मुलाची आहेत. तुम्ही मोठे झालात हे तुमच्या हाडांना अजून कुणी सांगितलेलंच नाही."

मग त्यांनी असा प्रश्न विचारला की मला वाटलं, ते थट्टा करतायत. "तुम्हाला वास येतो का?"

"येतो की," मी म्हणालो.

"डोळे मिटा."

त्यांनी माझ्या नाकाशी काहीतरी धरलं. मला काही कळलं नाही. दुसरं धरलं. तिसरं धरलं. प्रत्येक वेळी ते विचारत आणि मी अंदाजानं सांगत होतो, फूल, साबण, अत्तर. डोळे उघडायला सांगितले तेव्हा टेबलावर कापूर, लवंगेचं तेल आणि रॉकेलची बाटली होती.

मी तिथंच खुर्चीत बसून राहिलो. आमच्याकडं वाऱ्याची दिशा बदलली की कारखान्याच्या मळीची घाण येते म्हणून सगळे नाक धरायचे, तसं मीही धरायचो. गुऱ्हाळाजवळ गेलं की सगळे "काय वास सुटलाय!" म्हणायचे, मीही म्हणायचो. वास येणं ही काहीतरी बोलायची रीत आहे, असंच मी धरून चाललो होतो. मला तो कधी आलाच नव्हता, आणि आला नाही हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी समजावलं. मेंदूच्या तळाशी एक वाटाण्याएवढी ग्रंथी असते. वयात यायची वेळ झाली की तिला वरून हुकूम मिळतो, मग ती खाली हुकूम धाडते, आणि मग पुरुषाचं शरीर घडवणारा रस अंगात तयार होतो. माझ्यात वरचा हुकूमच निघत नव्हता. ज्या जागेतून तो निघतो तिचं आणि वासाचं जन्माआधीपासून नातं असतं, म्हणून दोन्ही गेलं. "पापपुण्याचा, सवयींचा याच्याशी काही संबंध नाही," ते म्हणाले. "तो रस बाहेरून सुईनं देता येतो. दर तीन आठवड्यांनी."

"किती दिवस?"

"कायम."

"आणि मग सगळं हुईल?"

"आवाज, दाढी, ताकद, इच्छा, हे सगळं होईल. वास येणार नाही. मूल होणंही अवघड आहे. आज तरी तुम्हाला तसा शब्द मी देऊ शकत नाही."

आजाराचं कारण कळल्याचा आनंद झाला आणि त्याच वेळी जन्मठेप ऐकल्याचा धक्काही बसला. बाहेर बाकावर वहिनी डबा घेऊन बसली होती. तिला मी सगळं सांगितलं. दुसऱ्या कुणाला सांगूच शकलो नसतो.

ती ऐकून घेऊन म्हणाली, "भाऊजी, आधी जेवा. मग त्या पोरीचं बघू."

*

घरी वहिनीनंच विषय काढला. आबा सोप्यात बसले होते. त्यांनी पुरतं ऐकलं आणि म्हणाले, "आमच्या घरात असलं कुनाला झाल्यालं न्हाय."

"ह्यांना झालंय की," वहिनी म्हणाली.

"सुई चालू करनार हाय न्हवं? मग आडतंय कुठं? तवर लगीन हुईल. दिल्याला शबूद मी मागं घेनार न्हाय."

"आबा, मूल हुनार न्हाय म्हनत्यात."

"डाक्टर काय ब्रम्हदेव हाय व्हय!" आबा गरजले आणि उठून शेतावर गेले. दुसऱ्या दिवशी मांडवाचं बोलणंही करून आले.

मी कामावर जायचो, नावं पुकारायचो, घरी यायचो. दादा माझ्याकडं बघायचा टाळत होता. आई देवाला कौल लावून आली. घरात सगळे माझ्याच भल्याचं करत होते आणि मला श्वास घ्यायला जागा नव्हती. पळून जावं असं फार वाटायचं. पण हे शरीर बरोबर घेऊनच पळावं लागणार होतं.

शेवटी वहिनीनं वाट काढली. ब्लाउजाचं माप आणायचं निमित्त करून ती मला घेऊन कमलच्या गावी निघाली. एस.टी.त मी काय बोलायचं ते मनात घोळवत होतो. पोचल्यावर वहिनी बायकांत जाऊन बसली. कमलचे वडील गोठ्यात म्हशीला वैरण घालत होते. मी तिथं गेलो.

"मामा, एक सांगायचं हाय."

"बोला की, पावणं."

"ह्ये लगीन तुमी मोडा."

त्यांनी हातातला भारा खाली ठेवला. "का? पोरगी पसंत न्हाय?"

"तसं न्हाय. माझ्यात दोष हाय."

मग मी सांगितलं. त्याच बारीक आवाजात, सगळं. सुई, मूल, शरीर. सांगताना मी म्हशीकडं बघत होतो. दवाखान्याबाहेर माझा आवाज ऐकून न हसलेला असा परका माणूस मी पहिल्यांदा बघितला.

"आबास्नी ठावं हाय?" त्यांनी विचारलं.

"हाय."

"आनि तरीबी?"

त्यांनी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला. "घोटभर च्या घ्या आनि जावा. म्होरलं माझ्यावर सोडा."

त्याच आठवड्यात ते बावड्याला आले. सोप्यात चार माणसं बसलेली होती. ते उभ्यानंच म्हणाले, "आबा, आमची पोरगी ऐकंना. अजून शिकायचं म्हंती. चूक आमची हाय. सुपारी मोडली म्हना."

आबा भडकले. "फोडलेली सुपारी मोडता? तोंड कुठं दावशीला?" बरंच काही बोलले. कमलचे वडील मान खाली घालून ऐकत राहिले. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभा होतो. मला बोलायचं होतं. त्यांनी एकदाच माझ्याकडं पाहिलं आणि नाही म्हणून किंचित मान हलवली. सगळा दोष स्वतःच्या लेकीवर घेऊन तो माणूस आमच्या घरातून पाणीही न पिता गेला.

आबांना नंतर खरं कळलं. वहिनीनंच सांगितलं, असली गोष्ट ती पोटात ठेवणाऱ्यातली नव्हती. त्या दिवसापासून आबा माझ्याशी बोलायचे बंद झाले. मी समोर बसलेला असताना आईला म्हणायचे, "त्येला म्हनावं, बैलास्नी पानी दाव."

*

सुया सुरू झाल्या. औषध तेलकट, दाट. सुई जाडजूड. टोचलेली जागा दोन-तीन दिवस दुखायची आणि सायकलवर बसताना मी एका अंगावर बसायचो.

पुढं जे झालं त्याची कल्पना मला कुणी दिली नव्हती. तोंडभर मुरुमं आली. क्षुल्लक गोष्टीवरून राग यायचा. एकदा ताट भिरकावलं आणि मग मीच ते उचलून धुऊन ठेवलं. रात्री झोप उडाली, आणि सोबतीची पोरं इतकी वर्षं कशाबद्दल बोलत होती ते मला एकाएकी कळलं. ती सगळी आता बाप झाली होती. मला कुणाशी बोलायचं? पंधराव्या वर्षी जे व्हायचं ते सव्विसाव्या वर्षी, नोकरी करताना, सगळ्या गावाच्या देखत होत होतं.

आणि आवाज फुटला. काट्यावर नाव पुकारताना निम्मं नाव घोगरं आणि निम्मं किनरं यायचं. गाडीवान पुन्हा हसले. मात्र एक म्हातारा गाडीवान म्हणाला, "हसताय काय? तुमचा फुटला न्हवता व्हय?" तेवढ्यावर रांग गप्प झाली.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण मला ती कुणी सांगितली नव्हती. सुई घेतल्यावर पहिला आठवडा माणूस जोरात असतो. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी सगळं ओसरतं. अंग जड होतं, कशातच मन लागत नाही, उगाच मरणाचे विचार येतात. तो तुमचा स्वभाव नव्हे. ती ओहोटी आहे. एकदा बाजारात औषधच मिळेना तेव्हा मी आठवडेच्या आठवडे असा पडून होतो, आणि एका बाटलीच्या हातात आपण किती सापडलोय ते तेव्हा पुरतं उमगलं.

*

आबांचा अबोला चालूच होता. एका सकाळी ते उसाच्या पलीकडच्या बांधावर होते आणि मी पाटाजवळ. मध्ये डोक्याहून उंच ऊस. मी हाक मारली, "पाणी सोडू काय?"

पलीकडून आवाज आला, "कोन हाय त्ये? पावणं, हिकडनं वाट न्हाय!"

मी सरीतून पाती बाजूला करत पुढं गेलो. आबा डोळ्यांवर हात धरून उभे होते. त्यांनी मला पाहिलं, माझ्या मागं आणखी कुणी आहे का तेही पाहिलं.

"तू व्हय?"

"व्हय, आबा."

त्यांनी डोळ्यांवरचा हात खाली घेतला. मग म्हणाले, "सोड की पानी. इचारतोस काय?"

घरी आल्यावर ते आईला म्हणाले नाहीत. मलाच म्हणाले, "जेवायला बस."

*

पुढं दोन वर्षांनी वहिनीच्या ओळखीतून इचलकरंजीचं एक स्थळ आलं. मुलीचं नाव शालन. तिचं आधी लग्न झालेलं होतं. मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं तिला माघारी पाठवली होती आणि स्वतःची तपासणी एकदाही करून घेतली नव्हती. ती भावाकडं राहायची. भावाचे चार यंत्रमाग घरालगतच्या शेडमध्ये होते.

मी घरी निक्षून सांगितलं होतं, सगळं आधी बोलायचं, नाहीतर मी येत नाही. वहिनी बोलणार असं ठरलं होतं. आम्ही जाऊन बसलो. शेडमध्ये माग खडखडत होते, एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. वहिनी घसा साफ करायला लागली तेवढ्यात आबांनी तिला हातानं थांबवलं.

आबांचा आवाज मुळात मोठा, त्यात मागांच्या वर काढायचा. ते ओरडूनच म्हणाले, "पावणं, आधी ऐका. माझं पोरगं औषधावर हाय. जल्मभर सुई लागती त्येला. नोकरी हाय, निर्व्यसनी हाय. पोर-बाळ हुनार न्हाय म्हनत्यात. ह्ये झाकून मी एकदा लगीन करत हुतो. आता झाकनार न्हाय. बोला, काय त्ये."

बाहेर रस्त्यावरून जाणारा एक माणूस थांबून आत बघायला लागला. शालनचा भाऊ अवघडून टोपीशी चाळा करत बसला. माझी मान वर होईना.

शालन आतल्या दारात उभी होती. तिनं आबांकडं नाही, सरळ माझ्याकडं बघून विचारलं, "सुई कोन देतंय?"

"डॉक्टरांचा कंपाउंडर. कोल्हापुरात."

"म्हंजे दर बारीला काम बुडवायचं?"

"व्हय."

"मग मी शिकते की," ती म्हणाली. "त्यात काय हाय?"

आणि भाऊ काही बोलायच्या आत ती चहा टाकायला आत गेली.

लग्न झालं. मूल झालं नाही. सुई अजून चालू आहे आणि मी आहे तोवर राहणार. ओहोटीच्या दिवसांत मी अजूनही भिंतीकडं तोंड करून पडतो, आणि त्यातून सुटका नाही हे आता दोघांनाही माहीत आहे. तिचा हात मात्र हलका आहे.